नेमणूक आजची, लागू मात्र मागच्या तारखेपासून: इंग्लंडमधल्या कंपनी-प्रशासकाचा पूर्वलक्षी आदेश

‘प्रशासक’ म्हटले की आपल्याकडे निवडणुका रखडलेली महापालिका किंवा बुडत्या सहकारी बँकेवर बसवलेला अधिकारी आठवतो. इंग्लंड आणि वेल्सच्या दिवाळखोरी कायद्यातला प्रशासक, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, सरकारी माणूस नसतो. तो परवानाधारक खासगी व्यावसायिक असतो, बहुतेकदा मूळचा लेखापाल. कर्ज फेडता न येणाऱ्या कंपनीचा ताबा तो संचालकांकडून घेतो. कंपनी वाचवता आली तर वाचवायची. ते जमत नसेल, तर थेट अवसायनात, म्हणजे कंपनी मोडून मालमत्ता वाटून टाकण्यात, जे हाती लागले असते त्यापेक्षा धनकोंना जास्त मिळवून द्यायचे. तेही शक्य नसेल, तर मालमत्ता विकून तारणधारक किंवा प्राधान्यक्रमातल्या धनकोंचे पैसे द्यायचे. कामाचा हा क्रम इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट 1986 च्या ‘शेड्यूल बी1’ या परिशिष्टातल्या तिसऱ्या परिच्छेदात दिला आहे.

हे शेड्यूल एंटरप्राइज अ‍ॅक्ट 2002 ने आणले आणि ते 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झाले. त्याने केलेला मोठा बदल म्हणजे प्रशासक नेमायला न्यायाधीशापुढे सुनावणीची गरज उरली नाही. कंपनी, तिचे संचालक किंवा विशिष्ट प्रकारचा तारणधारक ठरावीक कागद भरून न्यायालयाच्या कार्यालयात दाखल करतो आणि त्या मिनिटापासून प्रशासक कामाला लागतो. न्यायालयाचा मार्गही खुला आहे, पण घाईच्या वेळी लोक कागदाचा मार्ग धरतात. मग कागद चुकला, तर नेमणुकीचे काय? चूक दहा महिन्यांनी सापडली, आणि तोपर्यंत प्रशासकाने कारखाना विकला, कामगार कमी केले, बँकेला पैसे दिले, असे सगळे होऊन गेले असेल तर?

पूर्वलक्षी नेमणुकीचा अधिकार याच पेचातून पुढे आला. तो समजून घेताना चुका कुठे होतात ते आधी पाहणे बरे, कारण उपाय लागू पडेल की नाही हे चुकीच्या जातीवर ठरते.

कागदी मार्गातले खड्डे

संचालकांनी नेमणूक करायची असेल तर पहिली पायरी कंपनीच्या आत असते: संचालक मंडळाचा वैध ठराव. कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, बैठकीला दोन संचालकांची गणपूर्ती लागते असे लिहिले असेल आणि एकच उरला असेल, तर त्याने एकट्याने केलेला ठराव टिकत नाही. शेड्यूलमधला परिच्छेद 105 बहुमताच्या संचालकांना निर्णय घेऊ देतो. पण बैठक, सूचना आणि गणपूर्ती हे नियम त्यामुळे माफ होत नाहीत, असे चान्सलर, म्हणजे उच्च न्यायालयातले वरिष्ठ न्यायाधीश, सर अँड्र्यू मॉरिट यांनी मिनमार (929) या 2011 च्या खटल्यात स्पष्ट केले.

दुसरी पायरी बाहेरच्यांना कळवण्याची. कंपनीवर फ्लोटिंग चार्ज असेल तर त्याच्या धारकाला नेमणुकीच्या इराद्याची किमान 5 कामकाजाच्या दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. फ्लोटिंग चार्ज म्हणजे काय? सातबाऱ्यावरचा बोजा एका ठरावीक जमिनीला चिकटलेला असतो. फ्लोटिंग चार्ज हा गोदामातल्या रोज बदलणाऱ्या मालावर, येणे रकमांवर, एकूण धंद्यावर पसरलेला बोजा आहे. कंपनी तो माल रोज विकू शकते आणि संकट आले की बोजा जिथल्या तिथे घट्ट होतो. असा धारक, म्हणजे बहुधा बँक, त्या 5 दिवसांत स्वतःच्या पसंतीचा प्रशासक नेमू शकतो. म्हणून त्याला न कळवणे ही नुसती शिष्टाचारातली कसूर ठरत नाही, त्याचा हक्कच हिरावला जातो.

इराद्याची सूचना न्यायालयातही दाखल होते आणि ती दाखल केलेला दिवस धरून 10 कामकाजाच्या दिवसांत नेमणूक झाली नाही तर मुदत टळते. शिवाय इरादा खरा हवा. न्यायालयात नोटीस टाकून धनकोंना थोपवून ठेवायचे आणि मुदत संपली की पुन्हा नवी टाकायची, हा प्रकार डेव्हिस हॉलेज खटल्यात (2017) अपील न्यायालयाने बंद केला. नेमण्याचा ठाम इरादा नसेल तर नोटीस देताच येत नाही.

तिसरा खड्डा सर्वांत वाईट. कंपनीविरुद्ध अवसायनाचा अर्ज आधीच न्यायालयात पडून असेल, तर परिच्छेद 25 प्रमाणे संचालकांना कागदी मार्गाने प्रशासक नेमता येत नाही. तो अर्ज संचालकांच्या हाती पोचायच्या आतही दाखल झालेला असू शकतो. नेमणुकीच्या दिवशी सकाळीच न्यायालयाच्या नोंदी न तपासल्याने इथे घात होतो.

याखेरीज बारीकसारीक चुका असतातच: जुना फॉर्म, शपथपत्राची तारीख 5 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जुनी, वेळेचा रकाना कोरा. ई-फायलिंग आल्यावर आणखी एक भर पडली. संचालकांनी संध्याकाळी, न्यायालयाचे कार्यालय बंद झाल्यावर, नोटीस अपलोड केली तर नेमणूक त्या क्षणी झाली की दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडल्यावर? 2019 मध्ये एचएमव्ही ईकॉमर्स आणि एस जे हेंडरसन या खटल्यांत दोन न्यायाधीशांची उत्तरे वेगवेगळी आली. 2020 च्या तात्पुरत्या कार्यपद्धती सूचनेने मग सकाळी 10 ते दुपारी 4 ही वेळ आखून दिली. त्या वेळेनंतरचे दाखले पुढच्या कामकाजाच्या दिवशी सकाळी 10 चे धरायचे, असे तिने सांगितले होते.

कायद्यातले मोजके शब्द

आता उपायाकडे. परिच्छेद 13(2) न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या नेमणुकीबद्दल सांगतो की ती ‘आदेशात ठरवलेल्या वेळी’ लागू होते आणि आदेशात वेळ ठरवली नसेल तर आदेश झाला त्या वेळी. हे लिहिताना मसुदाकारांच्या मनात साधी गोष्ट असावी: सुनावणी सकाळी 10:30 ला झाली, पण बँका आणि कामगारांना कळवायला उसंत मिळावी म्हणून नेमणूक दुपारी 2 पासून. म्हणजे वेळ पुढची. पण ‘ठरवलेली वेळ’ पुढचीच असली पाहिजे असे शब्दांत कुठे आहे? मागची का नाही?

जी-टेक कन्स्ट्रक्शन या खटल्यात न्यायमूर्ती हार्ट यांच्यापुढे हाच प्रश्न आला. कंपनीचा प्रशासक कागदी दोषामुळे कधी नेमलाच गेला नव्हता, पण तो महिनोन्‌महिने काम करत होता. हार्ट यांनी शब्दांचा रुंद अर्थ घेतला आणि मागच्या तारखेपासून लागू होणारी नेमणूक केली. या निकालाची एक बाजू कच्ची आहे आणि ती जाणकारांनी वारंवार दाखवली आहे: समोर विरोध करणारे कोणी नव्हते, म्हणजे उलट बाजूचा युक्तिवाद न्यायाधीशांना ऐकायलाच मिळाला नाही. तरीही पुढच्या न्यायाधीशांनी हा अधिकार मानला, कारण दुसरा पर्याय फार विध्वंसक होता.

किती विध्वंसक, ते 2011 मध्ये दिसले. मिनमारमध्ये चान्सलरांनी असेही म्हटले की फ्लोटिंग चार्जचा धारक नसला तरी कंपनीला स्वतःला इराद्याची सूचना द्यायलाच हवी. हजारो नेमणुका अशी सूचना न देता झालेल्या होत्या. संचालकांनीच कंपनीच्या नावाने कंपनीला पत्र पाठवायचे कशाला, असाच सगळ्यांचा समज होता. एका निकालाने इतकी प्रकरणे डळमळली की प्रशासक रांगेने पूर्वलक्षी आदेश मागायला आले. डर्फशॉ प्रकरणात न्यायमूर्ती मॉर्गन यांनी असे आदेश दिले. पुढे न्यायमूर्ती नॉरिस यांनी व्हर्च्युअलपर्पल खटल्यात मिनमारचा हा भाग मानला नाही आणि वादळ बरेचसे ओसरले. पण तोवर पूर्वलक्षी आदेश ही रूढ वाट झाली होती.

364 दिवसांचे गणित

या अधिकाराला एक पक्की भिंत आहे आणि ती नेमकी कुठे, हे कायद्यात थेट लिहिलेले नाही; ते दुसऱ्या तरतुदीतून निघते. परिच्छेद 76 म्हणतो की प्रशासकाची नेमणूक ती लागू झाल्याच्या दिवसापासून मोजून एक वर्ष संपताच आपोआप संपते. धनकोंच्या संमतीने ती एकदा, एक वर्षापर्यंत वाढवता येते. 2015 च्या सुधारणेपूर्वी ही वाढ सहा महिन्यांचीच होती. न्यायालयही मुदत वाढवू शकते. मात्र परिच्छेद 77 सांगतो की मुदत एकदा संपली की न्यायालयालाही ती वाढवता येत नाही.

समजा कोऱ्या कागदावर हिशेब करू. दोषपूर्ण नेमणूक 1 एप्रिल 2024 ला झाली. पूर्वलक्षी आदेश त्या तारखेपासून दिला, तर नेमणुकीचे वर्ष 31 मार्च 2025 च्या मध्यरात्री संपेल. न्यायाधीशाने आदेश 31 मार्च 2025 ला दिला तर नेमणूक अजून जिवंत आहे, फक्त काही तास. आदेश 1 एप्रिल 2025 ला दिला तर तो आधीच मेलेल्या नेमणुकीचा आदेश ठरतो. 1 एप्रिल 2024 पासून 31 मार्च 2025 पर्यंत अंतर 364 दिवसांचे, म्हणून जास्तीत जास्त 364 दिवस मागे. या मर्यादेवर चर्चा करणारा खटला म्हणून व्यवसायात फ्रंटसाउथ (विथम), 2011, याचे नाव घेतले जाते.

व्यवहारात याचा अर्थ असा की चूक उशिरा सापडली तर पूर्वलक्षी आदेश आणि मुदतवाढ यांचे अर्ज एकाच दिवशी, एकाच न्यायाधीशापुढे ठेवावे लागतात, नाहीतर मिळालेला आदेश रात्रीच संपतो. आणि सापडलेली चूक तेरा महिन्यांपूर्वीची असेल तर पहिला महिना उघडाच राहतो. त्या महिन्यातले व्यवहार दुसऱ्या कुठल्या आधारावर वाचवता येतील का, ते बघावे लागते.

मागची तारीख का लागते

आजपासून नवा प्रशासक नेमला तर काय बिघडते, असा प्रश्न पडेल. बरेच काही. प्रशासनाच्या काळात परिच्छेद 43 प्रमाणे कंपनीभोवती स्थगितीचे कवच असते: न्यायालयाच्या किंवा प्रशासकाच्या परवानगीशिवाय कोणी दावा लावू शकत नाही, तारण वसूल करू शकत नाही, जागामालक गाळ्याला कुलूप लावू शकत नाही. नेमणूकच नव्हती, तर तेवढ्या काळात कवचही नव्हते. प्रशासकाचे मानधन आणि खर्च परिच्छेद 99 खाली फ्लोटिंग चार्जच्या आधी मिळतात. नेमणूक नसेल तर तो हक्क नाही. त्याने विकलेला कारखाना ज्याने घेतला, त्याच्या मालकीवर प्रश्नचिन्ह. दिवाळखोरीपूर्वीचे संशयास्पद व्यवहार उलटवण्याची मुदत, जी साध्या धनकोला दिलेल्या पक्षपाती देयकासाठी 6 महिने आणि जवळच्या व्यक्तीसाठी 2 वर्षे असते, ती ज्या दिवसापासून मागे मोजतात तो दिवसही सरकतो.

परिच्छेद 104 म्हणतो की नेमणुकीत दोष असला तरी प्रशासकाची कृत्ये वैध. यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. न्यायालयांचा कल असा की दोष असलेली नेमणूक वेगळी आणि नेमणूक मुळात झालेलीच नसणे वेगळे; दुसऱ्या प्रकारात 104 पुरत नाही. राहतो तो परिच्छेद 34: संचालकांनी किंवा कंपनीने केलेली नेमणूक अवैध ठरली, तर ज्याने नेमले त्याने प्रशासकाला त्या अवैधतेमुळे आलेल्या दायित्वाची भरपाई द्यावी असा आदेश न्यायालय देऊ शकते. दिवाळखोर कंपनीच्या संचालकाकडून ती वसूल किती होणार, हा भाग निराळा.

चुकीची जात ओळखणे

प्रत्येक चुकीला पूर्वलक्षी आदेशाचे औषध लागत नाही, आणि प्रत्येक चुकीला ते चालतही नाही. इन्सॉल्व्हन्सी रूल्स 2016 मधला नियम 12.64 सांगतो की औपचारिक दोष किंवा अनियमिततेमुळे कार्यवाही बाद होत नाही, जोपर्यंत त्यातून न सुधारता येणारा गंभीर अन्याय झाल्याचे न्यायालयाला वाटत नाही. नेमणुकीच्या 10 दिवसांच्या मुदतीनंतर नेमणूक झाली, तरी ती शून्य, म्हणजे कायद्याने झालीच नाही अशी, नाही; अनियमित आहे, असे युरोमास्टर खटल्यात (2012) न्या. नॉरिस म्हणाले. स्केग्स बीफ खटल्यात (2019) न्या. मार्कस स्मिथ यांनी चुकांची तीन भागांत मांडणी केली: मूलभूत दोष, ज्यात नेमणूकच शून्य, मूलभूत नसलेला आणि अन्यायही न करणारा दोष, आणि मूलभूत नसलेला पण गंभीर अन्याय करणारा दोष. आमच्या मते ही मांडणी फार उपयोगी आहे. वकिलाने पहिला तास याच प्रश्नावर घालवावा, पूर्वलक्षी अर्जाचा मसुदा त्यानंतर. दोष दुसऱ्या भागातला असेल तर नियम 12.64 खाली घोषणा मागणे पुरते.

मूलभूत दोष कसा दिसतो याचे धडा म्हणून लक्षात ठेवण्यासारखे उदाहरण बीडब्ल्यू इस्टेट्सचे आहे, अपील न्यायालय, 2017. मंडळाच्या बैठकीला दोन संचालक लागत, आणि कंपनीत एकच उरला होता. त्याने 2013 मध्ये प्रशासक नेमले. बचाव असा की सर्व भागधारकांची अनौपचारिक संमती होती, आणि सर्वांची संमती असेल तर औपचारिकता माफ होते हे तत्त्व इंग्लिश कायद्यात मान्य आहे. पण 25 टक्के शेअर आइल ऑफ मॅनमधल्या एका कंपनीच्या नावावर होते आणि ती कंपनी केव्हाच विसर्जित झाली होती. जी कंपनी अस्तित्वात नाही ती संमती कशी देणार? नेमणूक अवैध ठरली. 2013 ची नेमणूक आणि 2017 चा निकाल: 364 दिवसांचा दरवाजा तोपर्यंत कधीच बंद झालेला.

अर्ज कसा करायचा

पहिला प्रश्न: अर्ज कोण करणार? बिचाऱ्या प्रशासकाला तो प्रशासक म्हणून करता येत नाही, कारण तो प्रशासक नाहीच, हाच तर मुद्दा. परिच्छेद 12 नुसार कंपनी, संचालक किंवा धनको अर्ज करू शकतात. न मिळालेल्या मानधनापोटी आपण धनको आहोत असे म्हणण्याचा मोह होतो. पण नेमणूकच अवैध तर ते मानधन देणे लागते का, हाच वाद आहे. संचालकाला किंवा खऱ्या धनकोला पुढे करणे हा सुरक्षित मार्ग.

मग पुरावे. न्यायालयाला परिच्छेद 11 च्या दोन गोष्टी पटल्या पाहिजेत: कंपनी कर्ज फेडू शकत नाही किंवा तशी वेळ येण्याची शक्यता आहे, आणि प्रशासनाने तिसऱ्या परिच्छेदातला हेतू साध्य होण्याची वाजवी शक्यता आहे. हे आजच्या तारखेला तर दाखवायचेच, पण ज्या मागच्या तारखेपासून आदेश हवा त्या दिवशीचे चित्रही मांडावे: तेव्हाचा ताळेबंद, तेव्हाची रोख शिल्लक, तेव्हाची थकलेली देणी. मूळ नोटीस, मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त, चार्ज-नोंदणीचा उतारा, आणि चूक कशी, केव्हा, कोणाला सापडली याचे सरळ निवेदन जोडायचे. फ्लोटिंग चार्जच्या धारकाला आणि प्रलंबित अवसायन-अर्जदार असेल तर त्यालाही नोटीस द्यायची. आदेशाच्या मसुद्यात नेमणूक लागू होण्याची तारीख आणि वेळ दोन्ही लिहायची.

आणि ज्याकडे घाईत दुर्लक्ष होते ते: मधल्या काळात कोणी काय केले याची यादी. पुन्हा समजा. प्रशासनाचे कवच आहे असे मानून सगळे थांबले, फक्त जागामालकाने दोष ओळखला आणि जूनमध्ये गोदामाला कुलूप लावून ताबा घेतला. नेमणूक नसल्यामुळे त्या दिवशी त्याने कायदेशीर काम केले. आता एप्रिलपासून लागू होणारा आदेश दिला, तर त्याचे कायदेशीर कृत्य एका सहीने बेकायदा होते. न्यायाधीश इथे अडतात, आणि अडायलाच हवे. त्याची बाजू न्यायालयापुढे न मांडता, एकतर्फी सुनावणीत आदेश मिळवला तर तो पुढे रद्द होण्याची शक्यता मोठी. अशा प्रकरणात कधी जागामालकाच्या व्यवहारापुरती सवलत ठेवून आदेश मागावा, कधी मागची तारीख सोडून आजपासूनच प्रशासन मागावे.

अवसायनाचा अर्ज प्रलंबित असेल तर गुंता अजून वाढतो. अवसायनाचा आदेश झाला की अवसायन अर्ज दाखल झाला त्या दिवसापासून सुरू झाले असे इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्टचे कलम 129 मानते, आणि त्यानंतरचे मालमत्तेचे व्यवहार कलम 127 खाली शून्य ठरतात. म्हणजे मागची तारीख ही कल्पना या कायद्याला परकी नाही. पण तिथे विधिमंडळाने ती उघड शब्दांत लिहिली आहे. प्रशासनासाठी ती न्यायाधीशांनी ‘आदेशात ठरवलेल्या वेळी’ या शब्दांतून काढली. म्हणूनच ती जपून वापरली जाते.

भारतात हा प्रश्न कसा दिसतो

पुणे, नाशिक, इचलकरंजीतून इंग्लंडला माल पाठवणाऱ्या पुरवठादाराला ‘कंपनी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली’ अशी मेल आली, तर पहिल्याच दिवशी दोन गोष्टी करता येतात. कंपनीज हाउस या तिथल्या कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या मोफत ऑनलाइन नोंदीत कंपनीचे नाव घालून नेमणुकीची तारीख आणि चार्जधारक पाहणे. आणि प्रशासकाकडे आपला दावा लेखी नोंदवणे. नेमणुकीत खोट दिसली, तर ती लवकर सांगणाऱ्या धनकोचे म्हणणे न्यायालय उशिरा सांगणाऱ्यापेक्षा जास्त ऐकते.

आपल्याकडच्या इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड 2016 मध्ये कागदावर स्वतः नेमणूक करण्याची सोय नव्हती. अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, आणि न्यायाधिकरणाने तो स्वीकारला तो दिवस म्हणजे प्रक्रियेचा पहिला दिवस. त्यामुळे जी-टेकसारखा पेच इथे सहसा उद्भवत नाही. तारखेचा वाद मात्र इथेही झाला: 2018 च्या दुरुस्तीने अंतरिम समाधान व्यावसायिक (प्रक्रियेत कंपनीचा कारभार हाती घेणारा तज्ज्ञ) ज्या दिवशी नेमला जाईल तो दिवस प्रक्रियेचा पहिला दिवस धरायचा, असे परंतुक कलम 5(12) ला जोडले होते. स्वीकृती आणि नेमणूक यांत अंतर पडले की मधल्या दिवसांत कवच आहे की नाही, हा प्रश्न तयार. 2020 च्या दुरुस्तीने ते परंतुक काढले आणि कलम 16 मध्ये नेमणूक त्याच दिवशी करण्याचे बंधन घातले. ऑगस्ट 2025 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात धनकोने न्यायालयाबाहेर सुरू करायच्या नव्या प्रक्रियेची तरतूद होती. कागदाच्या आधारे प्रक्रिया सुरू करायची सोय आली की कागद चुकल्यास काय, हा इंग्लंडमधला प्रश्न आपल्या न्यायाधिकरणांपुढेही येऊ शकतो. त्याचे उत्तर परिच्छेद 13(2) सारख्या योगायोगाने रुंद निघालेल्या शब्दांवर न सोडता कायद्यातच लिहावे: कोण अर्ज करील, किती दिवस मागे जाता येईल, आणि मधल्या काळात प्रामाणिकपणे व्यवहार केलेल्याचे रक्षण कसे होईल.